तंबोऱ्याच्या चार फेऱ्या

“पण नेमकं किती वेळ दाबून धरायचं, चाचा?”

“बंद होईपर्यंत.”

“म्हणजे किती सेकंद?”

“बंद व्हायला लागतील तेवढे.”

फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या बाईचं असल्या उत्तरानं समाधान होत नाही. पण सकाळपासून त्या एम.एस्सी.चाही काही उपयोग झालेला नव्हता.

माझ्या मांडीवर लेकीचा, जुईचा टॅब होता. न्याहारीच्या वेळी तो जो अडकला तो अडकलाच. पडद्यावर सगळी चित्रं जागच्या जागी, एका चित्राभोवती पिवळी चौकट उजळलेली, आणि बोट लावलं तर ढिम्म. स्टेशन रोडवरचं दुरुस्तीचं दुकान सोमवारी बंद. फोनवर तीन व्हिडिओ पाहिले. एकात दहा सेकंद सांगितले होते, दुसऱ्यात वीस, आणि तिसऱ्यातला माणूस शेवटपर्यंत स्वतःच्या चॅनेलचंच कौतुक करत राहिला.

म्हणून मागच्या गल्लीत आले. दस्तगीरचाचांकडे.

मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी जी घरं आहेत, त्यातलं त्यांचं एक. चार वर्षांपूर्वी चाचांच्या हातांना कंप सुटला. तेव्हापासून कानस त्यांच्या सुनेच्या हातात असते. तारांखालची हाडाची घोडी घासून घासून वाद्याचा आवाज उघडायचा असतो. त्याला जवारी म्हणतात. सून घासते, तार छेडते, आणि चाचा डोळे मिटून नुसतं म्हणतात, “अजून डावीकडे. केसभर. बस.”

परदेशातली गिऱ्हाइकंही टॅबवर व्हिडिओ कॉल करून तार वाजवून दाखवतात आणि चाचा इथून सांगतात कुठं घासायचं ते. त्यामुळे अडकलेला टॅब त्यांना नवा नव्हता.

आज सून बाजारात गेली होती.

“आण, बघू,” चाचा म्हणाले. मी टॅब पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. “मला देऊ नको गं. माझी बोटं एका जागी ठरतात होय? तूच दाब. कडेला लांब बटण आहे ना, आवाजाचं? त्याचं खालचं टोक. आणि त्याच्याजवळचं ते बारकं, चालू-बंदचं. दोन्ही एकदम.”

“तेच तर करतेय सकाळपासून.”

“करून दाखव.”

मी दोन्ही बटणं दाबली. मनात मोजलं. एक, दोन, तीन...

सहाला पडदा किंचित थरथरला. मी बोटं काढून घेतली.

“सोडलंस की!”

“चाचा, तो बंद व्हायला लागला होता.”

“मग?”

“बंद झाला आणि सगळं पुसलं गेलं तर?”

चाचांनी टॅबकडे बोट केलं.

“तुला तो चालू करायचाय.”

“हो.”

“आणि बंद होऊ द्यायचा नाही.”

मी टॅब छातीशी धरला.

“एमेस्सी कुठनं केलीस म्हणालीस?”

मला हसू यायला हवं होतं. रडू आलं.

मग मी सांगितलं. त्यांना माहीत होतं, तरी पुन्हा सांगितलं. जुई पाच वर्षांची आहे, तिला ऐकू येतं, कळतं सगळं, पण बोलत नाही. या टॅबमध्ये दोनशे चौदा चित्रं आहेत. पाण्याचं, वरणभाताचं, झोक्याचं, पोटात दुखतंय त्याचं. तिनं चित्राला बोट लावलं की टॅब ते नाव मोठ्यानं घेतो, माझ्या आवाजात. दोन वर्षं बसून एकेक घातलंय. त्याची प्रत दुसरीकडे ठेवायची आहे असं मी दर रविवारी ठरवते. रविवार येतो, धुण्याची मशीन लागते, रविवार जातो.

“हे गेलं तर माझी पोर मुकी होईल, चाचा.”

हा शब्द मी आजवर कधी उच्चारला नव्हता. जुई ऐकत होती का ते बघायला मी मान वळवली.

ती कोपऱ्यात होती. वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या रांगेत. या भोपळ्यांचेच पुढे तंबोरे होतात. एकेका भोपळ्यावर तळवा ठेवून ती पुढे सरकत होती, दवाखान्यात डॉक्टर एकेक खाट तपासत जावा तशी. सकाळपासून घरात नुसती आदळआपट चालली होती तिची. इथं येऊन गप्प झाली होती.

“सकाळी किती वेळा दाबलंस?” चाचांनी विचारलं.

“खूप वेळा. दहा... जास्तच.”

“आणि दर वेळी सोडलंस.”

“झालं का ते बघायला नको?”

चाचा हसले. “आमची सून नवीन होती तेव्हा असंच करायची. दोनदा घासलं की लगेच उचलून बघायची, आवाज उघडला का? उघडला का? अगं, घोडी खालून काढलीस तर तार वाजणार कशावर?”

त्यांनी भिंतीला टेकवलेला तंबोरा ओढून मांडीशी उभा केला. त्याला हात घालताना त्यांचे हात इतके हलत होते की मला उठून मदत करावीशी वाटली. मी उठलेही.

“तू बस. तुझं काम ते.”

मी बसले.

“घड्याळाकडे बघू नको. पडद्याकडे बघू नको. याच्या चार तारा एकामागून एक वाजल्या की एक फेरी. अशा चार फेऱ्या होईपर्यंत बोटं उचलायची नाहीत. काहीही झालं तरी.”

“आणि...”

“बोलायचं पण नाही.”

हे जास्त अवघड होतं.

मी दोन्ही बटणं दाबली. चाचांनी डोळे मिटून पहिली तार छेडली.

थरथरतं बोट तारेला लागलं, आणि निघालेला आवाज मात्र अगदी स्थिर होता. मला वाटलं होतं तोही थरथरेल.

दुसरी तार. तिसरी. चौथी.

दुसऱ्या फेरीच्या अधेमधे पडदा थरथरला. माझी बोटं सैल झाली... चाचांनी डोळे उघडले नाहीत. तार वाजली. मी बोटं पुन्हा घट्ट केली.

मग पडदा काळा झाला.

दोनशे चौदा चित्रं गेली. मी धरून राहिले.

तेवढ्यात कुणीतरी माझी ओढणी ओढली.

जुई. तिचं तोंड माझ्या तोंडापाशी आलं. तिनं काळ्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला काहीतरी हवं होतं. काय हवंय बाळा, भूक लागली? शू आली? घरी जायचंय? सगळे प्रश्न माझ्या ओठांवर येऊन उभे राहिले, रोज उभे राहतात तसे, आणि रोज मी ते एका दमात विचारून टाकते. एकाला जरी तिनं मान हलवली तरी मला सुटल्यासारखं होतं.

आज बोलायचं नव्हतं. हातही मोकळे नव्हते.

तिसरी फेरी संपली.

जुईनं थोडी वाट पाहिली. मी काहीच विचारत नाही हे तिला नवीन होतं. मलाही.

मग ती वळली. दाराजवळच्या माठावरचा पेला तिनं काढला आणि माठावर वाजवला.

ठक ठक.

कुणी उठलं नाही. चाचांची तार चालूच होती. तिनं पेला उचलला, चाचांच्या समोर येऊन उभी राहिली आणि तो त्यांच्या नाकासमोर धरला. मग दुसऱ्या हातानं स्वतःच्या गळ्यावर टिचकी मारली.

दोन वर्षांत मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं. तिला कधी करावं लागलं नव्हतं.

चौथी फेरी. पहिली तार... दुसरी... तिसरी...

चौथ्या तारेला टॅब माझ्या हातात किंचित थरथरला आणि काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव उजळलं.

“आला?” डोळे न उघडता चाचा म्हणाले.

मी मान हलवली. मग आठवलं, त्यांना दिसत नाहीये. “आला!”

“मग आता सोड.”

मी सोडलं. बोटांवर बटणांचे वळ उठले होते.

चाचांनी डोळे उघडले, पेला पाहिला, तंबोरा बाजूला टेकवला, गुडघ्यावर हात देत उठले आणि माठापाशी गेले. ओगराळ्यानं पाणी काढून पेल्यात ओतायला लागले. निम्मं पाणी जमिनीवर. जुईनं पेला डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. घट्ट. चाचांचा हात थांबला. पाणी पेल्यात पडलं.

“शाब्बास,” चाचा म्हणाले. “सुनेला पण शिकव हे.”

ती प्यायली. घोट घोट, सगळं.

टॅब उघडला. मी भीत भीत चित्रांच्या पानावर गेले. पाणी होतं. वरणभात होता. झोका, पोटात दुखतंय, आजीचं घर. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. मी दोनदा मोजली आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

“सगळं आहे, चाचा.”

“असणारच. ते बंद झालं होतं गं, मेलं नव्हतं.”

तेवढ्यात दिसलं की फोटोंच्या खणात अकरा नवे फोटो आलेत. सगळे आजचे. उघडले. अकराही सारखे: अडकलेला पडदा, तीच चित्रं, तीच पिवळी चौकट.

“हे काय आता?”

चाचांनी वाकून पाहिलं. “ती दोन बटणं दाबून लगेच सोडली की फोटो निघतो पडद्याचा. धरून ठेवलं तरच बंद होतं. अकरा वेळा सोडलंस म्हणजे.” मग ते हसायला लागले. “हिशेब बरा ठेवतं की ते तुझा!”

मीही हसले. आणि हसता हसता पहिल्यांदाच नीट बघितलं, ती पिवळी चौकट कोणत्या चित्राभोवती होती ते.

भोपळ्यावर ठेवलेल्या एका छोट्या तळव्याचं चित्र. मागच्या महिन्यात मीच इथं काढलेलं. त्याला बोट लावलं की माझा आवाज म्हणतो, “चाचांकडे.”

न्याहारीच्या वेळी तिनं हेच दाबलं होतं. टॅब अडकला तो हे सांगतानाच. आणि मी सकाळभर तो पडदा डोळ्यांसमोर धरून बसले होते, तो का चालत नाही ते बघत. ती बशा आपटत होती. मला वाटलं होतं, टॅबसाठी.

मी तो पडदा चाचांना दाखवला.

त्यांनी तो जवळून पाहिला. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, “लाकडाची धूळ फार उडते इथं.”

आज कानस चाललीच नव्हती.

“चाचा, तुमचे उपकार...”

“माझे कसले? मी हात तरी लावला का त्याला?”

दुपार कलायला लागली होती. जुईच्या औषधाची वेळ झाली होती, कुकर लावायचा होता, आणि आज सोमवार असला तरी चित्रांची प्रत आजच करायची होती. मी टॅब पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या.

“जुई, चल.”

ती तंबोऱ्यापाशी बसली होती. दोन्ही तळवे भोपळ्यावर, गाल त्यांच्यावर टेकलेला. चाचांनी पाणी द्यायला उठण्याआधी शेवटची तार छेडली होती, त्याला आता कितीतरी वेळ झाला होता. खोलीत मला काहीही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तेवढंच.

“जुई, उशीर होतोय.” मी तिचा हात धरायला वाकले.

चाचांनी त्यांचं थरथरतं बोट ओठांवर ठेवलं.

“थांब, बाई... तिचं अजून वाजतंय.”