उचकीची साथ आणि पोरांच्या दाराची कडी

फार पूर्वी, लोक थापासुद्धा मोजूनमापून मारत त्या काळी, एका गावात उचकीची साथ आली. साधीसुधी नव्हे. न्हाव्याला उचकी लागली नि गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडाली. कोंबडा आरवायला उभा राहिला, तो ‘कुकूच’वरच अडला.

आठवण काढली की उचकी लागते, हे शेंबडं पोरही सांगेल. पाटलाने विचार केला, गावात जास्त आठवणी काढतं कोण? पोरं! मामा कधी येणार, मैत्रीण कुठे गेली, दिवसभर हेच. झालं, दवंडी पिटली. पोरांनी बाहेर पडायचं नाही, खेळायचं नाही आणि कुणाची आठवण तर मुळीच काढायची नाही.

मोठी माणसं खूश. चावडीवर मांडीला मांडी लावून, पान जुळवत, पाटलाची वाहवा करू लागली. उचक्या मात्र थांबेनात. पोरं चोरून आठवत असतील, म्हणून पाटलाने दारांना बाहेरून कड्या घालायला लावल्या.

पाटलाची लेक शेवंता भारी बडबडी. ती आधी गप्प झाली, मग जेवेनाशी झाली. लोणी नको, गूळ नको. पोर वाळत चालली, तसा पाटील तिच्याजवळ बसला.

“का गं जेवत नाहीस?”

“मी नि माझी मैत्रीण तुळसा एका ताटात जेवायचो. घास घेतला की ती आठवते. मग तिला उचकी लागेल ना, आबा?”

तेवढ्यात चावडीवरून हसण्याचा गडगडाट आला. तिथे प्रत्येकाचं बोलणं ‘आठवतं का रे’ने सुरू होत होतं नि उचकीने संपत होतं.

पाटील तडक तिथे गेला. “उठा. आजपासून चावडी बंद.”

“अरे, मग आम्ही दिवस कसा काढायचा?” एक म्हातारा कुरकुरला.

“पोरांना हे विचारलं होतं का आपण, आजोबा?”

मग त्याने कड्या काढून पोरांनाच बोलावून विचारलं, साथ ती साथ, लांब लांब राहून काय खेळाल? शेवंता म्हणाली, “विटीदांडू. जवळ आला त्याचं टाळकं फुटतं.”

माळावर डाव रंगला. समोर दिसणाऱ्या मैत्रिणीची आठवण कशाला काढायची? शेवंता घरी येऊन दोन भाकरी चापू लागली. म्हातारे आपापल्या ओसरीवर एकेकटे रुसून बसले, ‘आठवतं का रे’ म्हणायला समोर कुणी उरलं नाही, आणि उचक्या विरल्या.

तात्पर्य इतकंच: साथीत दार लावावं लागतं, पण आपली बैठक मोडवत नाही म्हणून पोरांच्या दाराला कडी घालू नये.