राहीने सोडलेला दोर

काजवी नदी खाडीला मिळते तिथे, जुवेबंदरच्या घाटावर, छप्पर गेलेली एक दगडी वखार उभी आहे. पाहुणे तिला मिठाची वखार समजतात. गावातले म्हातारे मान हलवतात. तिच्यात माणसं भरत असत, म्हणे. दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, देशावरून गुरांसारखी हाकत आणलेली. गलबत लागलं की ती समुद्रापार जात.

त्या काळी इथली तरी, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, पोशा कोळी आणि त्याची बायको राही चालवत. ही माणसं पलीकडून त्यांच्याच तरीतून येत. एका खेपेला एका बाईचं तान्हं मूल वाटेतच दगावलं. पहारेकऱ्याने ते तिच्या कुशीतून ओढलं आणि पाण्यात टाकलं. त्या दिवसापासून राहीला अन्न गोड लागेना, असे सांगतात.

पुढे केवळगीर नावाचा गोसावी मूठभर चेले घेऊन आला. "वखार आम्ही फोडतो. पार कोण नेईल?" त्याने विचारलं. पोशा बायकोकडे पाहत राहिला.

"आमीच आणली, आमीच नेऊ," राही म्हणाली.

शिमग्याच्या दुपारी, ढोलांच्या गजरात, त्यांनी वखारीचं दार फोडलं. पण किल्ल्यावर वर्दी गेलीच. शिपाई धावून आले तेव्हा घाटाला बांधलेली तरी बायकापोरांनी काठोकाठ भरली होती. पोशा नि गोसावी घाटाच्या अरुंद पायऱ्या अडवून उभे राहिले.

"राहे, दोर सोड!" पोशा ओरडला.

"तुमी या आधी!"

"मी हललो तर हे सगळे खाली येतील. सोड!"

राहीचे हात चालेनात. तरीतल्या एका बाईने गाठीला हात घातला. राहीने तो बाजूला केला. "नको, बाय. तू सोडलास तर जन्मभर तुला डाचेल. माझा दादला हाय, मीच सोडते."

तरीत मावले ते सुटले. मागे राहिलेल्यांना त्याच आठवड्यात गलबतावर चढवलं. पोशाला आणि केवळगीरला घाटावरच्या उंडीच्या झाडाला फाशी दिलं. फाशीच्या दुसऱ्या दिवशी राही रिकामी तरी घेऊन परत आली, नवऱ्याचं प्रेत मागायला.

"माणसं कुठे लपवलीस ते सांग, मग ने," किल्लेदार म्हणाला.

ती झाडाखाली बसली. गिधाडं हाकलत राहिली, म्हणे. पण तोंड उघडलं नाही.

आजही जुवेबंदरला तरीचा दोर पुरुष सोडत नाही. नावाड्याच्या घरातली बाई येते, गाठ सोडते, आणि तरी लांब जाईपर्यंत घाटावर कोणी बोलत नाही.