विणकरआळीचा धूर

“ज्या घरावर धूर दिसत नाही, ते घर मेलं असं धरायचं. दाराला विटा लावायच्या नि मोकळं व्हायचं.”

हे कोषाध्यक्ष धनगुप्त अमात्यांना सांगत होते. ऐकले मात्र आतल्या दाराआड उभ्या असलेल्या सुवत्सेने.

कुमुदनगरीत सुबाहू राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचे अमात्य म्हणून जन्मले होते. सुवत्सा त्यांची नवी सून. विणकराची मुलगी अमात्यांच्या घरात आली, ही चर्चा स्वयंपाकघरात अजून निवली नव्हती. म्हणून ती गप्प असे.

नगरात तापाची साथ होती. कोणी घराबाहेर पडू नये, अशी दवंडी फिरली. बाजार, नावा, माग सारे थांबले. कोठारातले धान्य युद्धासाठी म्हणून कुलपात होते. नगर कसे शांत आहे, याचे धनगुप्तांना कौतुक वाटे.

सुवत्सा गच्चीवर गेली. माहेरच्या आळीवर धुराची एक रेघ नव्हती. खाली गवंडी दारे बुजवायला चिखल तुडवत होते. मग आईच्या दारापुढचा सूत वाळवायचा बांबू तिला दिसला, आणि ती धावतच खाली आली.

“मामंजी, आळीत माणसं जिवंत आहेत. आईनं काल वाळत घातलेलं सूत आज उलटं केलंय. मेलेलं माणूस सूत उलटत नाही. चुली थंड आहेत, कारण वर ठेवायला काही नाही.”

“सूनबाई बऱ्याच बोलतात तुमच्या,” धनगुप्त म्हणाले.

“आजच बोलल्या,” अमात्य म्हणाले, “आणि वेळेवर.”

उद्या शत्रू आला नि कोठार रिकामे निघाले, तर आपले मस्तक जाईल, हे त्यांना ठाऊक होते. तरी ते राजापुढे उभे राहिले. “महाराज, घरात बसा म्हणणाऱ्यानं घरात शिधा पोचवायचा असतो. कोठार उघडू द्या. जाब मी देईन.”

राजाने किल्ल्या पुढे सरकवल्या. गवंड्यांनी विटा टाकून पोती उचलली. दिवस कलायच्या आत विणकरआळीवर धूर चढला.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा धनगुप्त म्हणजे भिक्षू दिसताच दार लावणारा इथला सावकार. राजा म्हणजे हा माझ्याशेजारचा वृद्ध भिक्षू. सुवत्सा म्हणजे मागे गप्प बसलेली ती उपासिका. अमात्य मी होतो. त्या जन्मी माझ्या हातून दानपारमिता, दानाची पूर्णता, घडली, पण आधी हिला बोलावं लागलं.”