दिवा विझला, पाठशाळा जागी झाली

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. शेजारपाजारच्या मुलांना रोज एक कहाणी सांगायची आणि मगच आपलं पान वाढून घ्यायचं. त्यातलीच ही एक, बायांनो, तुमच्यासाठी.

फार फार वर्षांपूर्वी डोंगराखालच्या एका गावात पाठशाळा होती. तिथे सरस्वतीपुढे अखंड दिवा तेवत असे. वाऱ्याने तो विझला तर गावावर संकट येईल, अशी सगळ्यांची समजूत. म्हणून खिडक्या शेणमातीने लिंपून टाकलेल्या, दारही कायम लोटलेलं.

सकाळी मुलं उड्या मारत यायची. ऊन चढलं की जांभया सुरू. सगळ्यांत आधी मान टाकायची ती कुंभाराची लेक.

एक दिवस गुरुजी चिडले. "अगं, झोपायलाच यायचं तर अंथरूण घेऊन ये! जा, अंगणात उभी राहा. पाठ आला नाही तर कायमची घरी."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. शिकायची तिला भारी हौस. डोळे पुसून अंगणात ती पाठ म्हणू लागली. वारा तोंडावर येत होता. म्हणता म्हणता सगळा पाठ झाला, कुठे अडखळली नाही.

गुरुजी बाहेर आले. "म्हणजे आत सोंग करत होतीस होय?"

"नाही हो गुरुजी. आत डोकं जड होतं, बाहेर आलं की उतरतं."

गुरुजी आत वळले आणि उंबऱ्यातच थबकले. घामाचा, तेलाचा, काजळीचा कोंदट वास त्यांच्या नाकात शिरला. सकाळपासून आतच बसल्यामुळे तो त्यांना जाणवलाच नव्हता.

त्यांनी पहार घेतली आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या मोकळ्या केल्या. वारा आत आला, आणि दिवा विझला.

मुलं ओरडत बाहेर पळाली. गावचे मानकरी धावत आले. "गुरुजी, हे काय करून बसलात? देवी कोपेल!"

गुरुजी म्हणाले, "दिवा पुन्हा लावता येतो. या लेकरांची बुद्धी मंदावली, तर ती कोणत्या वातीने पेटवू?"

वारा लागणार नाही अशा कोनाड्यात त्यांनी दिवा ठेवला, देवीला हात जोडले आणि पुन्हा लावला. गावावर कसलंही संकट आलं नाही.

तेव्हापासून प्रथाच पडली. दर पाठानंतर एकाने अंगणात फेरी मारून यायचं आणि उंबऱ्यात उभं राहून आतली हवा कशी आहे ते सांगायचं. "जड" म्हटलं की आणखी एक खिडकी उघडायची, थंडी असली तरीही.

"आज नाक कोण?" मुलं ओरडायची. "तो नको, त्याला पडसं झालंय!"

कुंभाराची लेक काही कायमची घरी बसली नाही. मोठेपणी त्याच पाठशाळेत ती धाकट्यांना शिकवू लागली.

तात्पर्य : कोंदलेली हवा आत बसलेल्याला कळत नाही, म्हणून बाहेर जाऊन परत येऊन पाहावं.

बायांनो, तुमची लेकरं जिथे शिकायला बसतात, तिथे पाऊल टाकताना एक श्वास घेऊन बघा, आणि खिडकी उघडा. एवढा नेम तुम्हीही धरा.