बांधावरची चिंधी

"...मग या ढिगाला कुठलं औषध मारू, बाबा?"

सांडू गव्हाणे बांधाच्या आत उभा होता. नूरशा फकीर बाहेर, कमरेएवढ्या काठीपाशी.

"ढिगाला काय झालं?"

"आतून तापलाय. हात घातला की वाफ. कणसं सोलून वाळवली नाहीत तर बुरशी धरेल."

"एकटाच सोलतोस?"

"...एकटाच."

त्या साली साऱ्या शिवारात मक्यावर करपा आला. एकट्या सांडूने बुरशीनाशक वेळेवर फवारलं. पानं अशी हिरवी राहिली, की आत शिरलेले पोपट एकमेकांना सापडेनात. लोक सांगतात. लोक खोटं कशाला बोलतील?

फवारणी झाली की बांधावर काठीला लाल चिंधी बांधायची, हा तिथला रिवाज. चिंधी दिसली की गुरं वळवायची, माणसांनीही आत पाऊल टाकायचं नाही. करपा वाढला तसे शेजारी औषधाचं नाव विचारायला आले. सांडूने नुसतं चिंधीकडे बोट केलं.

ते आले तसे परत गेले.

आता कापणी झाली होती. शेजारच्या खळ्यांवर कणसं डागाळलेली, दाणे पोचट. पण सोलायला माणसांचं कोंडाळं. त्यांचं हसणं वाऱ्यावर सांडूच्या रानात यायचं. त्याचा स्वतःचा आवाज मात्र बैलाला हाकण्यापुरताच उरला होता. हल्ली बैलही मान वळवून बघायचा नाही.

"दाणा बघा, बाबा!" सांडूने बांधावरून कणीस पुढे केलं. "एक डाग दाखवा."

फकिराने कणीस फिरवून फिरवून पाहिलं.

"नाही रे. एकही नाही."

"मग? मी काय वाईट केलं?"

फकिराने कणीस परत दिलं.

"आत तरी या. भाजून देतो. किती दिवस झाले, दुसऱ्या कुणासाठी कणीस भाजलं नाही..."

फकीर जागचा हलला नाही. चिंधीकडे बघत राहिला. उन्हापावसाने ती विटून पार फिकी पडली होती. गाठ मात्र घट्ट होती.

"औषध कधी मारलंस, सांडू?"

"श्रावणात."

"जोर किती टिकतो त्याचा?"

"फार नाही. भादव्यातच उतरला."

पलीकडच्या खळ्यावर कुणीतरी काहीतरी बोललं. हशा उठला... विरला.

फकिराने चिंधीला बोट लावलं.

"आणि हिचा?"