चारशे बारा पास

"पण सर, चारशे बारापैकी चारशे बारा टेस्ट पास आहेत. आता सही करायला काय हरकत?"

ऋजुता आमच्या शेजारची. तान्ह्या बाळांना थेंबथेंब औषध देणाऱ्या पंपाचा प्रोग्रॅम ती तपासते. त्यासाठी टेस्ट लिहिते; प्रोग्रॅम चुकला की टेस्ट नापास व्हायला हवी. सोमवारी तो पंप दवाखान्यात जायचा होता, तिच्या सहीने. आमच्या गल्लीत असली सही कुणी केली नव्हती. मी तर भाजीवाल्यालासुद्धा सांगून टाकलं होतं.

सहीआधी केळुसकर सरांना दाखवायचं, हा तिचा नेम. सरांचं आयुष्य रेल्वे सिग्नलचे प्रोग्रॅम तपासण्यात गेलेलं. अळूवड्यांचं निमित्त करून मीही मागोमाग गेले.

सरांनी लॅपटॉप जवळ ओढला.

"नळीत हवा शिरली तर?"

"पंप थांबतो. ही बघा ती ओळ."

"तपासलीस?"

"सर, माझ्या टेस्टने गाठली नाही अशी एकही ओळ नाही यात!"

काय मान ताठ होती पोरीची! मलाच भरून आलं.

सरांनी ती ओळ पुसून टाकली.

"अहो सर!..."

"कॉपीच आहे ना ही? चालव टेस्ट."

चालवल्या. हिरवं, हिरवं, हिरवं...

चारशे बारा पास.

आता नळीत हवा शिरली तरी पंप थांबणार नव्हता. आणि एका टेस्टनेही तोंड उघडलं नव्हतं.

"त्या ओळीपर्यंत मी पोचत होते..." ऋजुता हळूच म्हणाली. "पंप खरंच थांबला का, ते बघितलंच नाही."

सरांनी एक अळूवडी उचलली.

तीन दिवस पोरगी दिसली नाही. "चांगला चाललेला प्रोग्रॅम मोडत बसलीय," तिची आई मला म्हणाली, "आणि नव्या टेस्ट लिहितेय."

रविवारी सकाळी ती सरांकडे धावतच आली. मी होतेच तिथे.

"सर, साठ ठिकाणी बिघडवला! एकेक करून. साठही वेळा टेस्ट नापास, एकही बिघाड निसटला नाही!"

नापास झाल्याचा एवढा तोरा मी जन्मात पाहिला नव्हता.

"बिघडवला कोणी?"

"मीच!"

"आणि टेस्ट कोणी लिहिल्या?"

"मीच की... करू ना आता सही?"

सर खुर्चीतून उठले आणि माझ्याकडे वळले.

"वहिनी, बसा इथे. यातली हवी ती एक ओळ पुसा."