सोनकीची भाकरी

ऐका बरं, लहानांनी ऐका आणि आपण लहान होतो हे विसरलेल्या मोठ्यांनीही ऐका! फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात चित्रं दाखवून गोष्टी सांगणारा एक म्हातारा राहत होता. त्याने सोनकी नावाची मुलगी रंगवली होती. सोनकी अंगाने इवलीशी आणि भलतीच घाबरट. संकट समोर आलं की ती थरथरत खाली बसायची आणि म्हणायची, "थांबा, आधी मला भाकरी खाऊ द्या!" खाता खाता तिला युक्ती सुचायची. सगळं राज्य तिच्यावर जीव टाकायचं.

पण म्हाताऱ्याचे हात कापू लागले. कुंचला धरवेना. आपल्याबरोबर सोनकीही संपणार, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

शेवटी त्याने जत्रेत दवंडी पिटवली. "राक्षस गावाच्या एकुलत्या एका झऱ्याच्या तोंडावरच ठाण मांडून बसलाय. आता सोनकी काय करील? ही गोष्ट जो शेवटपर्यंत नेईल, त्याला माझी सगळी चित्रं!"

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं हं! त्या राज्याची रीत अशी, की प्रत्येक चित्राला ऐकणाऱ्यांनी 'हं' म्हणायचं. हुंकार थांबला, की सांगणाऱ्याने चित्रं गुंडाळायची, मग तो कितीही मोठा असो.

पहिला आला राजधानीतला नामांकित चित्रकार. त्याची सोनकी ताडमाड उंच, हातात तळपती तलवार! लोक आनंदाने ओरडले, "हं! हं!" राक्षस समोर आला. सगळे भाकरीची वाट पाहू लागले. सोनकीने सरळ तलवार उपसली.

"अहो, ही जेवली नाही अजून!" गर्दीतून एक आजी म्हणाल्या.

"वीरांगना कुठे भाकऱ्या खात बसतात का?" चित्रकार खेकसला.

हुंकार थांबला. चित्रं गुंडाळली गेली.

मग मडकी रंगवणारी एक तरुणी पुढे आली. तिची सोनकी राक्षसाला बघून लटपटली. खाली बसली. तिने फडक्यात बांधलेली भाकरी सोडली, वर लालभडक ठेचा! "हं!" लोक खूश झाले. आणि पुढच्या चित्रात सोनकीने ती भाकरी चक्क राक्षसापुढे धरली!

असं तर सोनकीने कधीच केलं नव्हतं. लोकांनी श्वास रोखले. कुणाच्या तोंडून 'हं' फुटेना. तरुणीचे डोळे भरून आले. रीत म्हणजे रीत. ती चित्रं गुंडाळू लागली.

"हं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. म्हातारा ताडकन उभा राहिला होता. "हं! हं! अगं पोरी, थांबू नकोस! राक्षसाने खाल्ली का? मलासुद्धा ठाऊक नाही गं!"

तरुणीने घाईघाईने पुढचं चित्र उलगडलं. राक्षसाने अख्खी भाकरी तोंडात कोंबली, ठेच्याने नाकातोंडातून पाणी काढलं, आणि पाणी प्यायला तो स्वतःच झऱ्यावरून उठला! झरा खळाळत मोकळा झाला. जत्रेत असा हुंकार उठला की झाडांवरची पाखरं उडाली.

म्हाताऱ्याने आपली सगळी चित्रं तिच्या ओटीत घातली. म्हणाला, "आता मी ऐकणाऱ्यांत बसणार!" त्या दिवशी तो पोटभर जेवला.

तात्पर्य: दुसऱ्याने घडवलेलं पात्र हाती आलं, तर त्याला नवी वाट जरूर दाखवा, पण त्याचा स्वभाव हिरावून घेऊ नका.